बॉनेट कोण उघडणार?

परवा कचेरीच्या आवारात माझी गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टकटकटक, हेडलाइट मिणमिणते. लगेच चार पुरुष जमले. ‘मॅडम, तुम्ही सावलीत थांबा.’ का म्हणून? गाडी माझी, हप्तेही माझेच!

मैत्रिणींनो, टकटक आणि मंद दिवे म्हणजे बहुधा बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनलवर क्षार साठलेला. दिवे लख्ख आणि एकच ‘टक’ आला, तर संशय स्टार्टरवर. यात पुरुषत्व लागतं कुठे? १८८८ साली बर्था बेंझनं नवऱ्याला न सांगता त्याची मोटार शंभरेक किलोमीटर नेली. वाटेत तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेनं साफ केली. १९१२ साली कॅडिलॅकला सेल्फस्टार्टर आला, आणि त्याचं कौतुक काय, तर बायकांची सोय झाली! हँडल मारताना पुरुषांचीही मनगटं मोडत होती, ते सोयीस्करपणे विसरायचं.

असो. चौघांपैकी एकानं केबल आणली. लाल चिमटे दोन्ही प्लसना, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, इथवर ठीक. शेवटचा काळा तो माझ्या उतरलेल्या बॅटरीलाच लावू लागला. तिथे ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. मी केबल हातातून घेतली, चिमटा इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावला आणि त्यांना म्हटलं, ‘आता तुम्ही सावलीत थांबा.’