पायवाट आणि मालकी

जमीन ज्याच्या नावावर, तिच्यावरचा सर्व अधिकार त्याचाच, हा भांडवली अर्थव्यवस्थेचा पहिला पाठ मानला जातो. गंमत अशी की ज्या इंग्लंडमध्ये ही व्यवस्था जन्मली, तेथील कोणत्याही खेड्यात हिवाळ्यातील एखाद्या रविवारी हा पाठ खोटा ठरताना दिसतो. चारसहा मित्र रबरी बूट चढवून घराबाहेर पडतात, चर्चच्या मागील कुंपणातील लाकडी पायरी ओलांडतात आणि दुसऱ्याच्या शेतातून, नुकत्या उगवलेल्या गव्हामधून, चिखल तुडवीत चालू लागतात. चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो, तोवर ते गावच्या पबमध्ये शेकोटीजवळ पोहोचलेले असतात. वाटेत त्यांनी कोणाचीही परवानगी मागितलेली नसते. शेताचा मालक त्यांना अडवू शकत नाही.

हा मालकाच्या सौजन्याचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. शेताच्या मधून जाणारी पायवाट पेरणीसाठी नांगरली, तर शेतकऱ्याने सामान्यतः १४ दिवसांत किमान १ मीटर रुंदीची वाट पुन्हा आखून दिली पाहिजे. शेताच्या कडेची पायवाट तर नांगरताच येत नाही. एखादी वाट लोकांनी सलग २० वर्षे उघडपणे, हक्काने वापरली आणि मालकाने त्या काळात हरकत नोंदविली नाही, तर ती सार्वजनिक मानली जाते. आपण जिला वहिवाट म्हणतो, तीच ही. इंग्लंड व वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटांची एकूण लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते.

परंतु या चित्राची दुसरी बाजू विसरता येणार नाही. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,००० हून अधिक कायदे करून गावांच्या सामायिक जमिनींना कुंपणे घातली. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून अधिक भूमी, अशा रीतीने खाजगी झाली. गरिबांच्या हाती उरल्या त्या केवळ वाटा, आणि त्याही टिकवाव्या लागल्या. डर्बीशरमधील किंडर स्काउटचे पठार श्रीमंतांच्या ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाहून शेकडो तरुण कामगार ती बंदी मोडून वर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पदभ्रमण करणाऱ्यांच्या प्रतिष्ठित संघटनांनीही तेव्हा या कृतीस विरोध केला होता. पुढे ॲटलींच्या मजूर सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेशाचा कायदा केला आणि वाटांचे अधिकृत नकाशे तयार करणे बंधनकारक ठरविले. माळ, डोंगर व सामायिक जमिनींवर मुक्तपणे फिरण्याचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्यानेच मिळाला.

समाजवाद्यांनी यातून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मालकी ही अखंड शिळा नव्हे. ती अनेक हक्कांची मोळी आहे. पीक मालकाचे राहूनही चालण्याचा हक्क समाजाचा होऊ शकतो. मोबदला न देता, सातबारा न बदलता मोळीतील एक काटकी समाजाने काढून घेतली, म्हणून इंग्लंडची शेती बुडाली नाही.

मात्र हा विजय अपुरा आहे. मुक्त संचाराचा हक्क आजही इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भूमीपुरताच आहे. जुन्या पण न नोंदलेल्या वाटांवर २००० च्या कायद्यानेच मुदतीची टांगती तलवार ठेवली. ती रद्द करण्याचा मनोदय सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढण्याचा लोकांचा हक्क एका जमीनमालक दांपत्याने न्यायालयात आव्हानिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. याचा अर्थ उघड आहे. कुंपण घालणारा हात कधी थकत नाही, तो केवळ संधीची वाट पाहतो.

उन्हाळ्यात पायवाटेवर कोणीही चालतो. हिवाळ्यात, ओल्या मातीत, वाट पुसट झालेली असताना जे चालतात, तेच ती जिवंत ठेवतात. सार्वजनिक हक्क कायद्याच्या पुस्तकात नोंदला जातो, परंतु टिकतो तो लोकांच्या पावलांखाली.