सुई देणारा हात गुनाहगार नाही

आमच्या नात्यातली एक आपा नर्स आहे. सुरुवातीची काही वर्षं तिनं सुईनं ब्राऊन शुगर घेणाऱ्यांना नव्या सुया वाटण्याचं आणि वापरलेल्या गोळा करण्याचं काम केलं. आता ती सरकारी उपचार केंद्रात आहे. रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येकाच्या जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ठेवायची, ती विरघळेपर्यंत समोर बसवायचं, चिघळलेल्या जखमा धुवायच्या, एचआयव्हीच्या तपासणीला पाठवायचं. नोकरी कंत्राटी.

हीच आपा आयसीयूत असती तर मोहल्ल्यानं तिचं कौतुक केलं असतं. इथं मात्र तिच्या लग्नाची बोलणी ‘मुलगी गर्दुल्ल्यांत काम करते’ म्हणून मोडतात. एका मौलानांनी तर सुनावलं, ‘नशेबाजाला सुई देणं म्हणजे गुनाहात मदत.’

मौलानासाहेब, सुई दिली नाही म्हणून नशा थांबत नाही. तो दुसऱ्याची वापरलेली सुई घेतो, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी घरी आणतो. त्यात त्याच्या बायकोचा काय गुनाह? ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हा आक्षेपही तपासून पाहा. योग्य मात्रेतली गोळी नशा चढवत नाही, तलफेची तडफड थांबवते. माणूस कामावर जाऊ लागतो.

दीनचा हवाला द्यायचा तर पूर्ण द्या. दारूबंदीचा हुकूमसुद्धा टप्प्याटप्प्यानं आला. दारूसाठी वारंवार शिक्षा झालेल्या माणसाला कुणी शाप दिला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला रोखलं. हा अल्लाह आणि रसूलवर प्रेम करतो, असं सांगितलं. सहीह बुखारीत ही हदीस आहे. शिक्षा झालेल्यालाही शाप नाही, मग उपचाराला आलेल्याला आपण कोणत्या अधिकारानं देतो?

इराणच्या न्यायव्यवस्थेचे प्रमुख आयतुल्लाह शाहरूदी यांनी 2005 साली परिपत्रक काढून सुया आणि मेथाडोन देणाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नका, असं बजावलं. क्वालालंपूरच्या अर-रहमान मशिदीत 2010 साली मेथाडोन देण्याचा उपक्रम सुरू झाला. तिथं दीन बुडाला नाही. आपल्याकडे मात्र व्यसनी पोरगा मशिदीच्या पायरीवर बसला तरी त्याला हाकलतात.

जुम्याच्या बयानात नशेला शिव्या देणं सोपं आहे. त्याच बयानात जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता सांगा. जमातखान्याची एक खोली आठवड्यातून एकदा तपासणीसाठी उघडा. आणि आपाच्या कामाला नावं ठेवण्याआधी एक सकाळ तिच्या रांगेशेजारी उभे राहा. त्या रांगेत आपलीच पोरं आहेत.