राजवाडे उभे आहेत, भाषा कोठे आहे?

शहराचे शील त्याच्या इमारतींवरून आणि उत्सवांवरून ओळखावे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. सीमाभागातील आमच्या मंडळींना हे मत विशेष प्रिय. चौकात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा बसला, वेशीवर कमान उभी राहिली आणि शिवजयंतीचे चित्ररथ पहाटेपर्यंत मिरवले, की गावाचे मराठीपण वर्षभरासाठी सुरक्षित झाले अशी त्यांची समजूत असते. ज्यांना ही समजूत सोडवत नसेल त्यांनी एकवार माळव्यात जाऊन यावे. मात्र इंदूर-देवास पाहून त्यांनी परत फिरू नये. विंध्य उतरून निमाडात, धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील कुक्षी गावापर्यंत जावे.

इमारतीच पाहायच्या तर माळव्यात काय उणे आहे? इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने तो जाळला, १९८४ च्या दंगलीत तो पुन्हा पेटला, आणि तरीही त्याचे महाद्वार आज उभे आहे. त्याच्यापुढून रंगपंचमीला गेर निघते व लाखो माणसे रंगात न्हाऊन निघतात. अनंत चतुर्दशीला कापड-गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांची देणी मिळण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. परंतु पगार बुडालेल्या त्या कामगारांनी गणपतीची झांकी सोडली नाही! देवासात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीने एकाच गावात दोन राजधान्या केल्या. थोरल्या पातीच्या दरबारी १९२१ साली नोकरीस असलेल्या फॉर्स्टर नामक इंग्रज लेखकाने तेथली गोकुळाष्टमी पाहिली आणि ती आपल्या कादंबरीत उतरवली. धारच्या किल्ल्यात तर दुसरा बाजीराव जन्मला. दगड आहे, गुलाल आहे, इतिहासही भरपूर आहे.

नाही ती भाषा. इंदुरातील मराठी मंडळींनी १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविले. त्यांच्या निष्ठेला आम्ही नमस्कारच करतो. परंतु घर आणि सभागृह यांच्या उंबऱ्याबाहेर, बाजारात, कचेरीत, न्यायालयात मराठीला आज काम नाही. गेर खेळणाऱ्यांतील कितीजणांना रंगपंचमी कोणाबरोबर आली हे ठाऊक असेल?

याचे कारण कटू आहे, पण सांगितले पाहिजे. माळव्यातील मराठी ही सरदारांची, फडणिसांची, कारकुनांची भाषा होती. शेतकरी माळवी बोलत होता, निमाडी बोलत होता, डोंगरातला माणूस भिली बोलत होता. मराठी तेथे राज्याबरोबर गेली आणि १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन होताच तिच्या पायाखालची सतरंजी निघाली. राजवाड्याने भाषेला छप्पर दिले होते. जमीन दिली नव्हती.

आता कुक्षी. धार संस्थानातील हा एक परगणा. होळीआधीच्या आठवड्यात या मुलखात जेथे जेथे आठवड्याचा बाजार भरतो, तेथे तेथे तो बाजारच भगोरिया होतो. त्यासाठी मंडप घालावा लागत नाही, कमान उभारावी लागत नाही. डोंगरावरून ढोल-मांदळ खाली येतात, एकाच रंगाची वस्त्रे ल्यालेल्या, चांदीने मढलेल्या बायका येतात. मीठ-मिरचीचा सौदा आणि नाच एकाच धुळीत चालतो. (मुली पळवून नेण्याचा सण म्हणून त्याची रसभरित वर्णने छापणाऱ्यांना आदिवासी संघटनांनी वारंवार हरकत घेतली आहे. ती योग्यच आहे.) या उत्सवाची वास्तू म्हणजे बाजाराचे मैदान. आणि त्या मैदानावर भाव ठरतो, भांडण होते, सोयरीक जुळते ती आपल्या बोलीत. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीवर भरले. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. मराठी त्या अनुसूचीत आरंभापासून आहे आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ती अभिजातही झाली. तरी कुक्षीच्या बाजारात ऐकू येते ती पवारांची भाषा नव्हे, भिल्लांची!

भिलीचे सर्व कुशल आहे असा याचा अर्थ नव्हे. तिची मुले शाळेत हिंदी शिकतात, आणि पोटासाठी गुजरातेत जातात. २०१९ साली सरदार सरोवर प्रथमच काठोकाठ भरले तेव्हा याच तहसिलीतील निसरपूरची बाजारपेठ पाण्याखाली गेली. मैदानही बुडवता येते.

आमच्याकडील सत्ताधीशांना हे सारे आमच्याहून अधिक कळते. २०१२ साली बेळगावच्या वेशीवर सुवर्ण विधानसौध उभे राहिले. अधिवेशनाचे मोजके दिवस सरले की तेथे सामसूम होते, म्हणून आपण हसतो. हसण्याचे कारण नाही. ते इमारत बांधून थांबले नाहीत. २०१४ साली शहराचे नाव बदलले, २०२४ साली दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचे झाले. इमारत, मग नाव, मग दुकानाची पाटी: त्यांची पावले राजवाड्याकडून बाजाराकडे पडत आहेत. आमची बाजाराकडून मिरवणुकीकडे!

उत्सव नसता तर माणसे एकत्र आली असती कोठे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. बंदी-जमावबंदीच्या दिवसांत मिरवणुकीने आम्हांला रस्ता दिला, हे आम्ही विसरलेलो नाही. आमची मराठी माळव्यासारखी दरबारातून आलेली नाही. ती खानापूरच्या शेतात आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली आहे. म्हणूनच आमचा संताप अधिक. ज्यांच्या पायाखाली जमीन आहे तेच छपरासाठी वर्गणी गोळा करीत फिरतात! ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष आपले मूल कोणत्या शाळेत घालतो? मराठी गिऱ्हाइकाशी मराठी दुकानदार कोणत्या भाषेत बोलतो, पावती कोणत्या लिपीत फाडतो?

मंडळांना आमची एक विनंती आहे. येत्या गणेशोत्सवाचा जमाखर्च त्यांनी आमच्याकडे धाडावा. त्यात दोन रकाने अवश्य असावेत: कमान, रोषणाई व वाजंत्री यांवरील खर्च एक, आणि गल्लीतील मराठी शाळा व वाचनालय यांवरील खर्च दुसरा. ज्या मंडळाचा दुसरा रकाना कोरा नसेल त्याचा जमाखर्च आम्ही पहिल्या पानावर छापू. कोरा असेल त्याचाही छापू, नावासकट.