गाईड पारखायचं कसं?

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाचा दादा, कुणाची ताई 'सीसीएनए'चा अभ्यास करत असेल. ही सिस्को कंपनीची कॉम्प्युटर नेटवर्कची परीक्षा. तिचं गाईड घेताना जाडी बघू नका, तीन गोष्टी बघा.

पहिली, परीक्षेचा क्रमांक. फेब्रुवारी २०२० मध्ये अभ्यासक्रम बदलला, २००-३०१ हा क्रमांक आला. त्याआधीचं गाईड स्वस्तात मिळालं तरी महागच पडतं!

दुसरी, अनुक्रमणिका. सिस्को अभ्यासक्रम फुकट जाहीर करते. तो शेजारी ठेवून एकेक मुद्दा ताडून पाहा.

तिसरी, उत्तराची रीत. '/२६ नेटवर्कमध्ये किती यंत्रं बसतील?' याला नुसतं '६२' छापलं असेल, तर गाईड मिटा. आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा. त्यातले २६ गेले, उरले ६. दोनाचा सहावा घात ६४. पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा. म्हणून ६२. असं समजावतं ते खरं गाईड.

आणि फोडलेले प्रश्न विकणारं पुस्तक? हातही लावू नका. पकडलं गेल्यास निकाल रद्द होऊ शकतो. आणि नाही पकडलं, तरी बंद पडलेलं नेटवर्क घोकंपट्टीनं सुरू होत नाही.

आता तुमचं गणिताचं गाईड उघडा बरं! त्यात रीत आहे, की नुसतीच उत्तरं?