मोजणाऱ्यांचा डोंगर

तासन्‌तास पंख न हलवता आकाशात तरंगणाऱ्या मोठ्या पक्ष्यांना समुद्राची धास्ती असते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. गच्चीवरून घार पाहताना वाटते, हिला कसली आली आहे अडचण! पण घारीचे ते सारे वैभव उसनवारीचे असते. उन्हाने जमीन तापते, गरम हवा वर चढू लागते, त्या हवेत शिरून ती गोल गोल फिरत उंची कमावते आणि मग कमावलेली उंची खर्चत पुढच्या गरम हवेपर्यंत घसरत जाते. समुद्रावर ही सोय जवळजवळ नसतेच. तिथे पंख मारत जावे लागते आणि रुंद पंखांच्या जड पक्ष्याला ते फार महाग पडते. म्हणून आफ्रिकेत हिवाळा काढून युरोपात परतणारे बाज, घारी आणि करकोचे भूमध्य समुद्र वाटेल तिथून ओलांडत नाहीत. पाणी जिथे अरुंद, तिथे त्यांची गर्दी. पश्चिमेला जिब्राल्टर, पूर्वेला बॉस्फरस आणि मधोमध इटलीच्या बुटाचे टोक व सिसिली बेट यांच्यामधली मेसिनाची सामुद्रधुनी. ही सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे. होमरच्या नाविकांना जिथे राक्षसिणी गाठत, ती हीच जागा असे परंपरा सांगते. पक्ष्यांना तिथे गाठणारे मात्र आपल्यासारखेच संसारी लोक होते.

या मधल्या वाटेचा मुख्य प्रवासी म्हणजे युरोपातला मधुबाज. आपल्या महाराष्ट्रात जो मधुबाज दिसतो, तो याचा पूर्वेकडचा भाऊबंद. आपला आग्या मोहोळावर तुटून पडतो, तिकडचा प्रामुख्याने गांधीलमाश्यांची घरटी जमिनीतून उकरून काढतो आणि आतल्या अळ्या खातो. नांगी लागू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर खवल्यांसारखी दाट, आखूड पिसे असतात. नावात मध असला तरी मधाशी त्याचा संबंध बेताचाच. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात हे पक्षी आफ्रिकेच्या जंगलांतून सहारा ओलांडून ट्युनिशियाच्या कॅप बॉन भूशिरावर येतात. पुढे सुमारे १४० किलोमीटर उघडा समुद्र. तो पंख मारत पार करून सिसिलीच्या पश्चिम टोकाला लागायचे, डोंगरांच्या आधाराने बेट ओलांडायचे आणि मेसिनाला पुन्हा पाणी. इथवर येईपर्यंत पक्षी दमलेला असतो, वारा उलटा असेल तर अगदी खालून उडतो.

आणि खाली बंदूक घेऊन माणूस उभा असे. कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर या पक्ष्याला ‘आदोर्नो’ म्हणत. ज्या पुरुषाने वसंतात निदान एक आदोर्नो पाडला नाही, त्याची बायको त्याला फसवते, अशी तिथली समजूत. फसवल्या गेलेल्या नवऱ्याला तिकडे ‘शिंगवाला’ म्हणतात आणि त्याइतकी मोठी शिवी त्या मुलखात नाही. त्यामुळे पक्षी पाडणे ही हौस राहिली नाही, अब्रूचा प्रश्न झाला. डोंगरउतारांवर पक्ष्यांची वाट हेरून काँक्रीटचे पक्के अड्डे बांधलेले होते. हे वाचून आपण हसतो. पण पुरुषाची अब्रू भलत्याच गोष्टीला टांगून ठेवण्याची आपल्याकडचीही यादी काही लहान नाही. आपल्या त्या यादीत पक्षी नाहीत, इतकेच.

कायदा नव्हता असेही नाही. इटलीने डिसेंबर १९७७मध्ये कायदा करून वन्य प्राणी-पक्षी ही राज्याची न विकता येणारी मालमत्ता ठरवली. एप्रिल १९७९मध्ये युरोपीय समुदायाचा पक्षी-संरक्षणाचा निर्देश निघाला. वसंतात घरट्याकडे परतणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करू नये, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कागद चोख होता. मी बँकेत हयात घालवलेला माणूस. चोख कागद आणि तिजोरीतली रक्कम यांत किती अंतर पडू शकते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मेसिनाच्या डोंगरांवर प्रत्येक वसंतात बंदुका वाजतच राहिल्या.

१९८१मध्ये मेसिनाची अ‍ॅना जोर्दानो नावाची पंधरा वर्षांची मुलगी डोंगरावर गेली आणि डोळ्यांदेखत पक्षी पाडले जाताना तिने पाहिले. पंधराव्या वर्षी माणूस रडतो, घरी येतो आणि हळूहळू विसरतो. ही मुलगी विसरली नाही. पोलिसांना बोलवत राहिली, पुढच्या वसंतांत शिबिरे भरवू लागली. इटलीतून आणि बाहेरच्या देशांतून स्वयंसेवक येऊ लागले. त्यांच्याजवळ दुर्बिणी होत्या, वह्या होत्या. शस्त्र एकही नव्हते. किती पक्षी गेले, कोणत्या जातीचे, किती वाजता, वारा कुठला, आणि बंदुकीचे आवाज किती ऐकू आले, हे सगळे ते लिहून ठेवत. १९८६मध्ये तिची मोटार जाळण्यात आली. धमकीच्या चिठ्ठीसह मेलेला पक्षी तिच्याकडे पाठवण्यात आला. ती पुन्हा डोंगरावर गेली. १९९८मध्ये तिला पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. तोवर त्या डोंगरांवरचे बंदुकीचे आवाज पुष्कळच थांबले होते. आजही, विशेषतः कॅलाब्रियाच्या बाजूला, अधूनमधून एखादी बंदूक वाजते. पण ती चोरून, आणि तिच्या मागे आता गावाची शाबासकी नसते.

आमची मुलगी नोकरीनिमित्त इटलीत असते. तिच्यामुळे तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही उभयता मेसिनाच्या मागच्या पेलोरितानी डोंगररांगेवर जाऊन आलो. तिथल्या दिन्नामारे शिखरावरून एका बाजूला आयोनियन समुद्र दिसतो, दुसऱ्या बाजूला तिऱ्हेनियन, आणि समोर पाण्यापलीकडे कॅलाब्रिया. थोडे खाली, रस्त्याच्या एका वळणावर सात-आठ माणसे खुर्च्या टाकून बसली होती. तासभर काहीच घडले नाही. मग कुणीतरी हात वर केला. दक्षिणेच्या धूसर आकाशात ठिपके होते. आधी पाच-सहा, बघता बघता तीस-चाळीस. एका जागी ते गोल फिरत वर चढले, माळेसारखी रांग धरली आणि आमच्या डोक्यावरून सरकत गेले. पंखांखालचे तपकिरी पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. कोणी ओरडले नाही. एका मुलीच्या हातातले मोजणीयंत्र फक्त टिकटिकत होते. सौ. माझ्या कानाशी म्हणाली, “इतकी माणसे आभाळाकडे बघताहेत आणि कुणी काही मागत नाही.”

मला मात्र त्या टिकटिकीने पकडले. वेगवेगळ्या ठाण्यांवरची मंडळी एकमेकांशी बोलून थवा कुणी मोजायचा ते ठरवत होती, म्हणजे एकच पक्षी दोन वह्यांत चढायला नको. शाखेत संध्याकाळी रोकड मिळवताना दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची, तिजोरीला दोन किल्ल्या, ही शिस्त मी पस्तीस वर्षे पाळली आणि तिला कंटाळलो. ती शिस्त पक्ष्यांसाठी, बिनपगारी, उन्हात बसून पाळणारी माणसे पाहून मन भरून आले.

पक्षी मोजण्याला आपल्याकडे रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात. मोजून पक्षी वाचतो का, असा सवाल मलाही परतल्यावर एका मित्राने केला. माझे म्हणणे असे, की मेसिनात मोजण्यानेच पक्षी वाचला. कायद्याला तिथे डोळे नव्हते. ते या वह्यांनी दिले. ‘थोडेफार पक्षी पाडतात लोक’ या वाक्यावर कोणताही अधिकारी मान डोलावून फाइल बंद करतो. अमुक तारखेला, अमुक डोंगरावर, इतक्या वाजता, इतके बार, हे लिहून समोर ठेवले की फाइल बंद करणे अवघड होते. आणखी एक गोष्ट झाली. ज्या डोंगरावर केवळ बंदूकवाले जात, तिथे साक्षीदार बसू लागले. चोरी करणाऱ्याला पहारेकऱ्याच्या काठीपेक्षा बघणाऱ्याची नजर जास्त नकोशी असते.

सुरुवातीच्या हंगामांत नोंदींचा आकडा काही हजारांचा असे. अलीकडच्या काही वसंतांत तो तीस हजारांच्या वर गेला आहे. याचा अर्थ पक्षी दहापट झाले असा मुळीच नाही. मोजणारे डोळे वाढले, ठाणी वाढली, दिवस वाढले. ठेवी वाढल्या की खातेदार वाढले, हे वेगळे पाहावे लागते, तसेच हे. ही सावधगिरी तिथली मंडळी स्वतःच बाळगतात, म्हणून त्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

वसंतातल्या शिकारीला इतका विरोध कशासाठी, शरद ऋतूतली चालते का, असे कुणी विचारील. बँकेच्या भाषेत सांगतो. शरदात दक्षिणेकडे जाणाऱ्या थव्यांत त्या वर्षीची पिल्ले असतात आणि त्यांतली पुष्कळ वाटेत, दुष्काळात, वादळात मरणारच असतात. ते व्याज. वसंतात परतणारा पक्षी सहारा दोनदा ओलांडून, हिवाळा काढून, सगळ्या चाळणीतून उरलेला असतो. चार आठवड्यांत तो अंडी घालणार असतो. हे मुद्दल. मधुबाजाची मादी वर्षाला बहुधा दोनच अंडी घालते. अशा खात्यातून मुद्दल काढत गेले तर पुढे काय होते, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

माल्टाला मात्र ते कळूनही पटले नाही. सिसिलीच्या दक्षिणेचा हा ३१६ चौरस किलोमीटरचा देश २००४मध्ये युरोपीय संघात आला तो वसंतातल्या शिकारीचा हट्ट घेऊनच. होला आणि लावा हे दोन पक्षी वसंतात मारायची मुभा त्याने चालू ठेवली आणि २००९मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याविरुद्ध निकाल दिला. तरीही पळवाटा राहिल्या. शेवटी नागरिकांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणले. ११ एप्रिल २०१५ रोजी मतदान झाले आणि सुमारे २,२०० मतांनी शिकारवाले जिंकले. गंमत पुढे आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस एक जखमी खरूची, म्हणजे लहान ससाणा, एका शाळेच्या मैदानात मुलांसमोर येऊन पडला. ही जात मारायला कुणालाच परवानगी नव्हती. पंतप्रधानांनी हंगाम ठरल्यापेक्षा आधी बंद केला. सार्वमताने जे साधले नाही ते एका पक्ष्याने थोड्या दिवसांपुरते साधले. होल्याची शिकार २०१७मध्ये थांबवली गेली आणि २०२२मध्ये पुन्हा सुरू झाली. युरोपातले होले १९८०पासून तीन चतुर्थांशांहून अधिक घटलेले असताना. लोकशाहीत बहुमत मोजावेच लागते, पण त्या मतपेटीत होल्यांचा आकडा कुणी धरला होता, एवढा प्रश्न मला पडतो.

साऱ्या भूमध्य प्रदेशात वर्षाला बेकायदा मारल्या वा पकडल्या जाणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज बर्डलाइफ या संस्थेने २०१५मध्ये मांडला, तो १ कोटी १० लाख ते ३ कोटी ६० लाख असा आहे. एवढे मोठे अंतर पाहून पूर्वी मी भुवया उंचावल्या असत्या. आता वाटते, जिथे चोरी आहे तिथे ताळेबंद असाच असणार.

हे केवळ युरोपीयांचे पाप समजू नये. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२च्या शरदात अमूर ससाण्यांची हजारोंनी जाळ्यांत धरून कत्तल झाली. एक वर्षाच्या आत तिथल्या गावकऱ्यांनी ती बंद केली, हे जगाने नवल म्हणून पाहिले. २०१३मध्ये उपग्रहयंत्र बांधून सोडलेले ते ससाणे आपल्या महाराष्ट्राच्या आकाशातून पुढे अरबी समुद्रावर गेले. आपण त्या वेळी बहुधा दिवाळीनंतरची आवराआवर करत होतो.

मेसिनात आता नवा प्रश्न आहे, आणि त्यात बंदूक नाही. सामुद्रधुनीवर ३,३०० मीटरचा एकच गाळा असलेला झुलता पूल बांधायचा बेत आहे. त्याचे दोन मनोरे प्रत्येकी ३९९ मीटर उंच. ऑगस्ट २०२५मध्ये सरकारी समितीने साडेतेरा अब्ज युरोंच्या या कामाला मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने त्या मंजुरीला मान्यता नाकारली. लेखापरीक्षकांविषयी माझ्या मनात आयुष्यात प्रथमच प्रेम दाटून आले, हे कबूल करतो. तिथल्या लोकांना पूल नकोच, असे म्हणायचा मला अधिकार नाही. फेरीबोटीच्या रांगेत मी एकदाच उभा राहिलो, ते रोज राहतात. पण उलट्या वाऱ्यात थकलेले थवे किती खालून येतात, धुक्याच्या सकाळी ते कुठे वळतात, कोणत्या तारखांना हजारोंनी जातात, हे त्या मनोऱ्यांच्या जागेबाबत कुणी विचारू लागले, तर उत्तरासाठी चाळीस वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीच्या हट्टातून सुरू झालेल्या त्या वह्याच उघडाव्या लागतील. पूल हवा असणाऱ्यांना आणि नको असणाऱ्यांनाही.