काय छापावे, काय गाळावे

1 जानेवारी 2012 पासून वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक बदल लागू झाला. तोवर नव्या जातीचे नाव ग्राह्य धरायचे तर ते कागदावर छापलेले लागे आणि सोबत वर्णन लॅटिनमध्ये लागे. आता आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या पीडीएफमधले इंग्रजी वर्णनही चालते. मोठ्या विज्ञानपत्रिकांचे यामुळे काही अडत होते असे नाही. दार उघडले ते दिवसभराचे काम आटोपून रात्री निवडुंगांच्या छायाचित्रांखाली ओळी लिहीत बसणाऱ्या बिनपगारी संपादकांसाठी.

‘झेरोफिलिया’ हे अशाच नियतकालिकांपैकी एक. रोमानियातल्या काही छांदिष्टांनी 2012 मध्येच ते सुरू केले. अंक फुकट, मानधन कुणालाच नाही. त्याच्याच 2013 च्या एका विशेषांकात अॅझ्टेकियम वाल्देझीचे वर्णन आले. ही मेक्सिकोच्या न्वेव्हो लेओन राज्यातली जाती आहे: बहुधा पाचच कंगोरे, वरून पाहिले तर चांदणीसारखा आकार आणि गडद गुलाबी फूल. या प्रजातीची पहिली जाती 1928 मध्ये प्रसिद्ध झाली आणि दुसरी 1992 मध्ये. तिसरीची जगाला ओळख झाली ती वर्गणी नसलेल्या या नियतकालिकातून.

हौशींनी शास्त्राला हात देण्याची ही रीत जुनी आहे. जर्मन कॅक्टस संस्था 1892 ची. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात 1929 मध्ये अमेरिकन संस्था उभी राहिली, तेव्हा तिची पत्रिका स्कॉट हॅसल्टन यांनी हाती घेतली आणि पुढे कित्येक वर्षे चालवली. इंग्लंडमध्ये ग्रॅहम चार्ल्स यांनी 2011 पासून ‘द कॅक्टस एक्सप्लोरर’ फुकट वाटायला सुरुवात केली. अशा पानांवर जे सापडते ते वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच असते: कोणते बी किती दिवसांत रुजले, कोणत्या खुंटावरचे कलम पुढे फुगून बेढब झाले, कोणत्या उतारावर एकही नवे रोप दिसले नाही.

हा शेवटचा तपशील मात्र दुधारी आहे. उतार कोणता हे शास्त्रज्ञाला हवे असते आणि चोरालाही. अॅझ्टेकियम वाल्देझीचे वर्णन आल्यावर थोड्याच काळात तिच्या बिया आणि रोपे युरोपच्या बाजारात फिरू लागली. हाच धंदा मोठ्या प्रमाणावर कसा चालतो, ते फेब्रुवारी 2020 मध्ये इटलीत दिसले. तिथल्या पोलिसांनी एका संग्राहकाकडून चिलीतले हजारावर निवडुंग जप्त केले, त्यांत बहुतांश कोपियापोआ. पुढच्या वर्षी 844 रोपे चिलीला परत गेली. कोपियापोआ अटाकामाच्या किनाऱ्यावर धुक्यातल्या ओलाव्यावर जगतो आणि अतिशय सावकाश वाढतो. उन्हावाऱ्याने कमावलेले त्याचे ते रापलेले, राखाडी रूप रोपवाटिकेत सहज येत नाही, आणि चोरीच्या मालाला भाव मिळतो तो या रूपामुळेच. नर्सरीतला हिरवागार कोपियापोआ कमअस्सल समजणाऱ्या प्रत्येक हौशीने ही साखळी एकदा नीट पाहावी. 2015 च्या जागतिक पाहणीत निवडुंगांच्या 31 टक्के जाती धोक्यात आढळल्या. रोपे आणि बिया ओरबाडून नेणे हे त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक होते.

म्हणून जाणती नियतकालिके आता अक्षांश-रेखांश गाळतात, छायाचित्राच्या फाइलमधली जागेची नोंद पुसतात, आणि राज्य किंवा फार तर जिल्हा सांगून थांबतात. यात काही वाचक नाराज होतात. होऊ द्यावेत.

महाराष्ट्रातल्या बागायतदाराला हा प्रश्न परका नाही. शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची वनस्पती फक्त याच राज्याची. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे नाव मिळाले. तिचे बहुतेक आफ्रिकी भाऊबंद बिनपानांचे असतात. ही मात्र पावसाळ्यात पाने धरते आणि उन्हाळ्यात ती टाकून नुसत्या खोडावर तग धरते. बेसॉल्टच्या कड्यांतल्या फटी ही तिची जागा. कोणत्या गडाचे कडे, ते इथे लिहिलेले नाही. लिहिणारही नाही. छाटा सहज मूळ धरतो, त्यामुळे लागवडीतल्या रोपाचा तुकडा मिळत असताना कड्याला दोर लावायचे काही कारण उरत नाही.

जागा लपवली तरी लिहिण्यासारखे पुष्कळ राहते, आणि तेच मराठीत सर्वांत कमी लिहिले जाते. बाहेरची पुस्तके हिवाळ्यात पाणी तोडायला सांगतात, कारण तिकडे थंडी आणि ओल एकत्र आली की झाड मरते. पुण्याची कोरडी, उन्हाची थंडी तर निवडुंगांना मानवते. इथे झाडे जातात ती आषाढ-श्रावणात, उबदार दमट हवेत बुडातून सडून. त्यावर प्लास्टिकचे छप्पर पुरते की वाराही खेळता लागतो? बारीक मुरूम आणि परलाइट यांत निचरा कशाचा टिकतो? कोकोपीट पहिल्याच पावसाळ्यानंतर काढावे का? पिठ्या ढेकूण मुळांवर पहिल्यांदा कोणत्या महिन्यात दिसतो? रत्नागिरीचे उत्तर सोलापूरला लागू पडणार नाही, म्हणून दोन्हीकडच्या नोंदी हव्यात. नोंदीत जातीचे नाव, रोप बियाचे की छाट्याचे आणि कुठून विकत घेतले, कुंडीतले मिश्रण, पाणी तोडल्याची तारीख आणि पुन्हा सुरू केल्याची तारीख असावी. झाड मेले असेल तर तेही लिहावे, आणि उपटून पाहिल्यावर मुळे कशी होती तेही.