आधी रक्त पोचवा, मग चेहरा

सातारा-सांगलीच्या रुग्णाला परळच्या टाटा रुग्णालयातला तज्ज्ञ पडद्यावर दिसला, की काम झालं असं आपण धरून चालतो. मी सॉफ्टवेअर लिहितो, तरी मला हे पटत नाही. 25 मार्च 2020च्या मार्गदर्शक सूचनांनी दूरसल्ल्याला नियमांची चौकट दिली. सरकारची ई-संजीवनीही आहे. पण रक्ताच्या कर्करोगात डॉक्टर चेहरा नव्हे, रिपोर्ट वाचतो.

सीएमएल या प्रकारात रोज इमॅटिनिबची गोळी लागते आणि सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी. गोळी लागू पडतेय का, हे त्या आकड्यावरून कळतं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. आता प्रश्न नमुन्याचा आहे. रक्तातला आरएनए फार काळ टिकत नाही. माण किंवा जतमध्ये रक्त घेऊन ते वेळेत प्रयोगशाळेत पोचवणारी साखळी नसेल, तर व्हिडिओ कॉलने वाचवलेली खेप रुग्णाला तपासणीसाठी करावीच लागते.

अक्यूट ल्युकेमियात तर ताबडतोब भरती व्हावं लागतं; तिथे ॲपचा दिलासा विकू नका.

निधी मागायचाच असेल, तर कॅमेऱ्याआधी आइसबॉक्स आणि तो नेणाऱ्या माणसाचा पगार मागा.